लोखंड चालतं, पदवी चालत नाही

प्रियदर्शनी चिडली की ओरडत नाही. हातातलं काम जास्त जोरात करते. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत ती केमिस्ट आहे, तिथल्या भट्टीवरच्या गड्यांना हे चांगलं पाठ झालंय. लॅबमधल्या ग्राइंडरवर लोखंडाचा नमुना घासताना ठिणग्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागल्या की भट्टीवरचा अण्णासो बाकीच्यांना सांगतो, "आज मॅडमच्या वाटंला जाऊ नका रं. आपल्या भट्टीपेक्षा तिकडंच जास्त तापलंय."

गेल्या मार्चमध्ये तिच्या आयुष्याचं भरीत झालं, तेव्हा ती लॅबमध्ये नव्हती. गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभी होती आणि शेजारी राजवीर होता. राजवीर त्याच फौंड्रीत क्वालिटीला, मूळचा कोल्हापूर शहरातला, मंगळवार पेठेतला. दोघांनी ठरवून एकाच अमेरिकन विद्यापीठात धातुशास्त्राच्या मास्टर्ससाठी अर्ज केलेला. दोघांनाही प्रवेश मिळाला होता, पण अटीवर. तिकडची एक कागद तपासणारी संस्था आहे. तिनं एकदा लिहून द्यायचं, की ह्यांची इथली बी.एस्सी. अमेरिकेतल्या पदवीच्या बरोबरीची आहे. तेवढा शेरा मिळाला की जागा पक्की, व्हिसाच्या रांगेत उभं राहायला मोकळे.

राजवीरचा फोन आधी वाजला. त्यानं वाचलं आणि ग्लास कठड्यावर ठेवला.

"आलं बघ. समकक्ष. अमेरिकन बॅचलर्स डिग्रीला समकक्ष. ए मामा, दोन भजी प्लेट लाव, आज मी देणार."

"तू देणार म्हंजे खरंच कायतरी झालंय," प्रियदर्शनी म्हणाली. तिनं आपला फोन काढला. तिलाही मेल आला होता. तिनं तो एकदा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला.

"काय लिवलंय?"

"पदवीपूर्व शिक्षणाची तीन वर्षं."

"म्हंजे?"

"म्हंजे डिग्री न्हाय. पोरगी तीन वर्षं कॉलेजात येऊन-जाऊन हुती, एवढंच."

राजवीर हसला. त्याला वाटलं ती चेष्टा करालीय. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचं थांबला. "चुकून झालं असंल. कम्प्युटरचा घोळ. मेल टाक की."

भजी आली. कुणी हात लावला नाही.

आता ह्यात राग येण्यासारखं काय, ते नीट समजून घ्या. दोघांचं विद्यापीठ एक. अभ्यासक्रम एक. परीक्षेला एकाच दिवशी, एकाच तासाला, एकाच प्रश्नपत्रिकेचं पाकीट जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांवर उघडलेलं. पेपर तपासणारेही तेच. पदवीच्या कागदावर खाली सही त्याच कुलगुरूंची. दोघांनाही पहिला वर्ग, आणि त्यात प्रियदर्शनीचे गुण राजवीरपेक्षा बरेच जास्त. राजवीर स्वतःच सांगायचा, "इनऑरगॅनिक केमिस्ट्रीत मी काठावर वाचलोय, आंबाबाईची कृपा." तो अमेरिकेच्या हिशेबानं पदवीधर, आणि ही बारावी पास होऊन तीन वर्षं हिंडून आलेली बाई.

त्याच संध्याकाळी फौंड्रीतून एक कंटेनर निघायचा होता. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे भाग होते आत, आणि माल चालला होता अमेरिकेला. दर खेपेबरोबर एक टेस्ट सर्टिफिकेट जातं. लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती, सगळं त्यावर असतं, आणि खाली ज्यानं तपासलं त्याची सही आणि पद. ती सही प्रियदर्शनीची. ती हो म्हटल्याशिवाय इथं लोखंड साच्यात ओतत नाहीत, आणि तिची सही बघितल्याशिवाय तिकडं माल उतरवून घेत नाहीत. गेली चार वर्षं एकदाही तिकडून कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुमची पदवी तीन वर्षांची का चार वर्षांची.

तिनं सही केली. पेन इतकं दाबून, की खालच्या दोन प्रतींवर कार्बन न लावताच उमटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या संस्थेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची पोरगी होती, इंग्रजी बोलणारी, बोलण्यावरून आपल्याकडचीच. तिनं कारण सांगितलं. अमेरिकेत पदवी चार वर्षांची. तीन वर्षांची भारतीय पदवी बरोबरीची धरायची असेल तर दोन गोष्टी लागतात. पहिला वर्ग लागतो, आणि विद्यार्थी शिकत होता त्या काळात त्याच्या कॉलेजला सरकारी मूल्यांकनात वरची श्रेणी, म्हणजे 'ए', असावी लागते. राजवीरच्या कॉलेजला 'ए' होती. तुमच्या कॉलेजला 'बी'.

"पण परीक्षा कॉलेजनं घेतली नव्हती," प्रियदर्शनी म्हणाली. "विद्यापीठानं घेतली. दोघांची एकच."

"मी समजू शकते, मॅम."

"समजत असंल तर तसं लिहून द्या."

"ते आमच्या धोरणात बसत नाही, मॅम. आणखी काही मदत हवी आहे का?"

आणखी मदत. घर जाळून वर विचारायचं, शेकायला या म्हणून.

प्रियदर्शनीचं गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या वाटेवर. लाल माती, भाताची खाचरं आणि घरं-देवळं सगळी जांभ्या दगडाची. तिथलं कॉलेज लोकांनी बांधलं. कुणी जमीन दिली, कुणी खाणीतला दगड, कुणी बैलगाडी. ज्याच्याकडं द्यायला काहीच नव्हतं त्यानं अंगमेहनत दिली. तिचा बाप आकाराम गवंडी. बौद्ध वस्तीतला तो पहिला माणूस, ज्यानं गावातल्या कुणाच्या गोठ्याची नव्हे, कॉलेजची भिंत उभी केली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची ती लांब भिंत त्याच्या हातची. बारावीनंतर प्रियदर्शनीला कोल्हापुरातल्या मोठ्या कॉलेजात जागा मिळत होती. तिनं ती सोडली. का, तर आपलं कॉलेज असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? आणि इथं जोतीराम सर होते. रसायनशास्त्र असं शिकवायचे की पोरं सुट्टीच्या दिवशी सुद्धा लॅबची किल्ली मागायची.

मग 'बी' आली कुठून?

ती दुसऱ्या वर्षाला असताना मूल्यांकनाची समिती आली होती. परराज्यातले तीन प्राध्यापक. ते येणार म्हटल्यावर महिनाभर आधीपासून गावात लगीनघाई. संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह म्हणजे सगळं घाऊकच करणारा माणूस. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "पावणं लांबनं येणार. त्यास्नी कळाय पायजे कोल्हापूरचा मान कसा असतोय."

कळला. फाटकापासून हलगी आणि लेझीम. तिघांना फेटे. त्यातल्या एकाचं डोकं लहान, तो फेटा सारखा डोळ्यांवर यायचा, तरी सोडू दिला नाही. मग सत्कार. जमीन देणाऱ्याचा सत्कार, दगड देणाऱ्याचा सत्कार, देणगीदारांचा, देणगीदारांच्या चिरंजिवांचा. एकाचा मान ठेवला आणि दुसऱ्याचा राहिला तर पुढं पाच वर्षं भाऊबंदकी, म्हणून कुणालाच वगळायची सोय नव्हती. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. दोन शब्द म्हणून माईक घेतलेला माणूस आपल्याकडं दोन शब्दांवर कधी थांबलाय?

मग जेवण. तांबडा, पांढरा, सुकं मटण. पंगत बसली आणि कळलं की एक पाहुणे शाकाहारी. ते म्हणत होते, मला दही-भात चालेल. पण पाहुण्याला दही-भात वाढून पाठवणारं गाव ते नव्हे. त्यांच्यासाठी नव्यानं आमटी टाकली, पोळ्या लाटल्या. बाकीचे दोघं ताटावर थांबले, कारण सोबतच्याला सोडून आधी कसं जेवायचं.

हे सगळं होत असताना प्रियदर्शनी वरच्या मजल्यावर होती. पांढरा एप्रन, केस बांधलेले, शेजारी जोतीराम सर. सरांनी समितीसाठी प्रयोग मांडला होता तो पुस्तकातला नव्हता. आपल्याच डोंगरातला जांभा कुटायचा, आम्लात उकळायचा आणि त्यात लोखंड किती आहे ते काढून दाखवायचं. शेवटच्या थेंबाला पाणी फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. पोरांनी महिनाभर गावोगावचे दगड आणून तपासले होते, कुठल्या खाणीत लोखंड जास्त याचा नकाशा भिंतीवर लावला होता. दाखवण्यासारखं त्या कॉलेजात दुसरं काही नव्हतं, आणि हे एक जे होतं ते भारी होतं.

खालनं लाउडस्पीकरचा आवाज येत होता. शेवटचा सत्कार पुकारला गेला, आणि तो आकाराम गवंड्याचा होता. वस्तीतला माणूस त्या स्टेजवर आधी कधी चढला नव्हता, स्टेज बांधायला सोडून. डोक्यावर फेटा चढवला आणि उदयसिंहांनी माईक हातात दिला. आकाराम बोलायला लागला. कुठला दगड कुणाच्या गाडीतनं आला, कुठल्या पावसात भिंत ढासळली आणि परत कशी उभी केली, आपल्या पोरीला पहिल्या दिवशी त्याच भिंतीच्या आत वह्या घेऊन जाताना बघून काय वाटलं, सगळं सांगत सुटला. लोक टाळ्या वाजवत होते. त्याला थांबवायची कुणाची छाती झाली नाही, आणि खरं तर कुणाला थांबवावंसं वाटलंही नाही.

वरती ती ऐकत होती. ऊर भरून आला होता आणि डोळा घड्याळावर होता.

पाहुणे वर आले तेव्हा गाडीचा ड्रायव्हर जिन्यात उभा राहून साहेब, साहेब करत होता. त्यांना रात्रीच्या आत पुढच्या मुक्कामाला पोचायचं होतं. लॅबच्या दारात तिघं उभे राहिले. फेटा डोळ्यांवर आलेले म्हणाले, "व्हेरी नाइस." सरांनी ब्युरेट हातात घेतली, तोवर ते वळले होते. अहवालात नंतर छापून आलं, की प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाचा पुरेसा पुरावा आढळला नाही. 'बी'. ती श्रेणी अजून कॉलेजच्या कपाळावर आहे, पुढची समिती कधी येणार याचा पत्ता नाही.

शनिवारी सकाळपाळी सुटल्यावर प्रियदर्शनी एसटीनं गावी आली. आकाराम अंगणात हौदाच्या कडेला गिलावा करत बसला होता. तिनं पिशवी ओट्यावर टाकली.

"आबा, त्या दिवशी किती बोललासा?"

"कुठल्या दिवशी?"

"समिती आल्ती त्या दिवशी."

आकारामनं थापी थांबवली. एवढ्या वर्षांनी कुणी त्या भाषणाची आठवण काढली म्हणून त्याचं तोंड आधी उजळलं. "लई बोललो की. का गं?"

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मधे एकदाच बोलला. "म्हंजे तुझी डिग्री खोटी हाय म्हणत्यात?"

"खोटी न्हाय. अपुरी हाय म्हणत्यात. एक वर्स कमी."

"आन त्या राजवीरची?"

"त्याची पुरी."

"त्यो काय चार वर्सं शिकला?"

"तीनच."

आकारामनं थापी पाण्यात बुडवली. "मग ह्यात माझं भाषान कुठं आलं?"

"ते लॅब बघायला आलते आबा. तुम्ही सगळ्यांनी त्यास्नी जेवायला घातलं."

"आता पावणं दारात आल्यावर पाणी द्यायच्या आधी भांडी दाखवायची व्हय?"

"भांडीच बघायला आलते ते."

आतून तानाबाई, तिची आई, पदराला हात पुशीत बाहेर आली. ती बराच वेळ दाराआड उभी राहून ऐकत होती. "बापावर कशाला चढलीयास? सगळं गाव नाचलं, त्या उदयसिंहाला जाऊन विचार की. ह्या माणसाला जन्मात एकदा फेटा बांधला कुणी."

"तेच तर," प्रियदर्शनी म्हणाली.

बापाला एकदा मान मिळाला आणि त्याची किंमत पोरीच्या पदवीतून कापली गेली. हा हिशेब कुणी मांडला? अमेरिकेतल्या कुठल्याशा खोलीत बसून ज्यांनी नियम केला त्यांनी ना तो फेटा बघितला, ना ती भिंत. त्यांना एक अक्षर दिसलं. त्या अक्षरावरून त्यांनी गावातल्या सगळ्या पोरांचं एक एक वर्ष खोडून टाकलं, आणि ह्याला ते गुणवत्तेची काळजी म्हणतात. तिला बापाची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला. बापावर धड चिडता यावं, एवढीही सोय ठेवली नव्हती कुणी.

पण ती गप्प बसणारी नव्हती. त्या अमेरिकन विद्यापीठाच्या विभागप्रमुख बाईंना तिनं लांबलचक मेल लिहिला. माझ्या कॉलेजची श्रेणी बघू नका, माझं काम बघा. तुम्ही वेळ द्या, मी दाखवते. तिला वाटलं होतं उत्तर येणार नाही. आलं. बाईंनी व्हिडिओवर भेटायचं ठरवलं, तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ.

राजवीर म्हणाला, फौंड्रीतल्या लॅबमधून कर, मशिनं भारी आहेत. तिनं ऐकलं नाही. "जिथं बघायचं राहिलं तिथंच दाखवणार," म्हणाली. जोतीराम सरांनी कॉलेजची लॅब उघडून दिली, जांभा कुटून ठेवला, फोन उभा करायला पुस्तकांची चळत लावली.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. ठरलेल्या वेळेला उदयसिंह आले. पांढरी कडक इस्त्री, मागं एक फोटोग्राफर आणि हातात शाल. जिन्यात आकाराम बसला होता, सर्वांत खालच्या पायरीवर, पाय पसरून.

"आकाराम, बाजूला हो. अमेरिकेच्या मॅडम आल्यात म्हणं फोनवर."

"व्हय, आल्यात."

"मग संस्थेच्या वतीनं सत्कार नको का करायला? फोनम्होरं शाल धरायची, एक फोटो, दोन शब्द. झालं."

"साहेब, आत काम चाललंय."

"आरं, अध्यक्ष हाय मी."

"व्हय की. बसा हितं." आकारामनं थोडं सरकून जागा केली. "मीबी बसलोय. भिंत मी बांधलीय तरी आत गेलो न्हाय."

उदयसिंह फोटोग्राफरला म्हणाले, "ह्याचं डोस्कं फिरलंय," आणि शाल काखेत मारून निघून गेले.

आत प्रियदर्शनीनं थेंब थेंब सोडत पाणी गुलाबी करून दाखवलं. बाईंनी प्रश्न विचारले, अवघड विचारले. हा आकडा आला, पण चुकीचा असेल तर तुला कसं कळेल? तिनं सांगितलं. फौंड्रीत लोखंडाचं काय करतेस? तेही सांगितलं. शेवटी बाई म्हणाल्या, "मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. मी तुझ्या बाजूनं लिहीन." जोतीराम सरांनी खिडकीकडं तोंड फिरवलं आणि बराच वेळ बाहेर काहीतरी बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी शब्द पाळला. लिहिलं. पण प्रवेश देणं विभागाच्या हातात नव्हतं, वरच्या कार्यालयाच्या हातात होतं, आणि त्या कार्यालयाचं पत्र आलं ते असं: विभागाच्या मताचा आम्ही आदर करतो. तथापि समकक्षतेच्या नियमाला अपवाद करता येत नाही. आपण इच्छुक असल्यास आमच्याकडे पदवीच्या वर्गात प्रवेश घेऊन राहिलेलं एक वर्ष पूर्ण करू शकता. त्यानंतर मास्टर्ससाठी आपलं स्वागत आहे.

स्वागत म्हणे.

राजवीरनं ते पत्र टपरीवर वाचलं. त्याचा व्हिसा झाला होता. बॅग घेण्यापासून पोह्यांच्या पापडांपर्यंत घरी तयारी चालली होती. "काढ की गं एक वर्ष," तो म्हणाला. "लोकं काय काय करत्यात तिकडं जायला. पोरांच्यात बसायचं, पास व्हायचं. तुला काय अवघड हाय?"

"तू बसशील?"

"मला कशाला बसायला..." तो बोलता बोलता थांबला.

"बघ की. तुला कशाला."

राजवीर वाईट पोरगा नाही. त्यानं मान खाली घातली आणि चहाचे पैसे दिले. जाताना म्हणाला, "मी काय करू सांग. माझं बी नको म्हणून कळवू?"

"खुळ्या, तू जा," ती म्हणाली. "तू गेलास म्हणून मी चिडत न्हाय. मी जाऊ शकत न्हाय म्हणून तुला वाईट वाटालंय, ह्याचा राग येतोय."

त्या रविवारी तिनं उत्तर लिहिलं. आधी तीन पानं झाली. त्यात जांभा होता, समिती होती, फेटे होते, तिकडच्या चार वर्षांत पोरं खेळाचे आणि भाषणकलेचे विषय घेतात आणि तेही पदवीत धरतात, ते सगळं होतं. मग तिनं ते पुसलं. आपण कशाला ह्यांना बापाचा फेटा सांगायचा? चार ओळी ठेवल्या. तुमच्या देशात येणाऱ्या आमच्या मालाच्या दाखल्यावर माझी सही असते. ती तुम्हाला चालते. मी पदवीधर आहे, म्हणून मी पुन्हा पदवीच्या वर्गात बसणार नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. खाली नाव, आणि नावाच्या पुढं बी.एस्सी.

सरांनी फोनवर समजावलं, की कोल्हापुरात एम.एस्सी. करून टाक, मग तीन आणि दोन पाच होतात, बघू कोण नाही म्हणतंय. ती म्हणाली, करीन, पण त्यांनी नाही म्हणू नये म्हणून करणार नाही, मला शिकायचंय म्हणून करीन. आणि फॉर्म भरला.

जूनमध्ये ती गावी होती. पावसानं ओढ दिली होती, अंगणात भातलावणीच्या तरव्याच्या पेंढ्या पडून होत्या. शेजारची धोंडुबाई आपल्या पोरीला, साक्षीला, घेऊन आली. साक्षी बारावी सायन्सला गावात पहिली आलेली. गावातून बी.एस्सी.ला मुलगी बसली की आधी प्रियदर्शनीकडं यायची पद्धतच पडली होती. आणि प्रियदर्शनी दरवर्षी सगळ्यांना एकच सांगायची. कॉलेज आपलं आहे, आपण सोडलं तर कोण बसणार तिथं.

"ताई, हितंच घेऊ न्हवं?" साक्षीनं विचारलं. "जोतीराम सर हायत म्हणून."

"सर लई चांगलं शिकवतात," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग हितंच घेतो. एसटीचा बी तरास न्हाय."

आकाराम ओट्यावर बसून विळ्याला मूठ बसवत होता. त्यानं हात थांबवला.

प्रियदर्शनी त्या पोरीकडं बघत राहिली. नवा ड्रेस, कानात खोटे मोती, हातात गुणपत्रिका घातलेली प्लास्टिकची पिशवी. ह्या पोरीला उद्या कुठं जावंसं वाटेल, कुणाला ठाऊक. कदाचित जवळच्या मलकापूरच्या पुढंही जाणार नाही. कदाचित जाईल.

"न्हाय," ती म्हणाली. "कोल्हापूरला जा. ए ग्रेडचं कॉलेज बघ. अर्ज भरायच्या आधी ग्रेड बघ."

"अगं," धोंडुबाई म्हणाली, "तूच तर माझ्या थोरलीला हितं बसवलीस. गेल्या साली शिव्या दिल्यास कोल्हापूरला जाणाऱ्यास्नी."

"दिल्या."

"मग आता?"

"आता सांगतोय न्हवं. कोल्हापूरला जा."

साक्षीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. ती आईकडं बघायला लागली. धोंडुबाईनं पदर सावरला, बरं म्हणाली आणि पोरीला घेऊन निघाली. फाटकात गेल्यावर तिचा आवाज ऐकू आला, "डोस्क्यात अमेरिका गेलीया पोरीच्या."

आकाराम खालीच बघत होता. "बरोबर सांगितलंस," तो म्हणाला.

"बरोबर न्हाय सांगितलं आबा. खरं सांगितलं."

साक्षीनं कोल्हापूरला प्रवेश घेतला. तिच्या मागोमाग वस्तीतल्या आणखी दोन पोरींनी. महिन्याभरानं जोतीराम सरांचा फोन आला. प्रियदर्शनी फौंड्रीच्या लॅबमध्ये होती. बाहेर भट्टी उतरायला आली होती, अण्णासो नमुना घेऊन दारात उभा होता. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"साक्षीला तू पाठवलंस म्हणे."

"व्हय सर." तिला वाटलं आता सर बोलतील, की वर्ग ओस पडला, की तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. तिनं मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं, कडक.

सर म्हणाले, "बरं केलंस. आमच्या पूर्णिमाला मी गेल्या वर्षीच तिकडं घातलंय. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

प्रियदर्शनीनं फोन ठेवला. कडक उत्तर तोंडातच राहिलं. तेवीस वर्षं त्या लॅबमध्ये उभा असलेला माणूस, स्वतःच्या पोरीला स्वतःच्या हाताखाली शिकवायला भितो. त्याला कुणी भ्यायला लावलं, हे तिला माहीत होतं. त्यांना पत्र लिहून झालं होतं.

"मॅडम," अण्णासो दारातून म्हणाला, "ओतायचं का थांबवायचं? लोखंड निवालंय."

"आण इकडं," ती म्हणाली. तिनं नमुना हातात घेतला, यंत्राखाली धरला आणि आकडे येईपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही.

"कार्बन कमी हाय. टाका अजून. मी हो म्हटल्याशिवाय एक थेंब ओतायचा न्हाय."